बावीस नंबरचा प्लॉट आणि दोन बोटं

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकता येईल तितका वाकून नमस्कार. (पूर्वी साष्टांग लिहीत असे. आता जमिनीवर आडवा झालो की पोट आधी टेकतं आणि बाकीची सात अंगं अधांतरी राहतात, म्हणून जेवढा खरोखर घालता येतो तेवढाच लिहिला.) उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. थेंब वेळेवर पडतात ना? तुम्हाला विचारलं तर मामी घालायला विसरतात, आणि मामींना विचारलं तर तुम्ही ऐन वेळी डोळा मिटता, असं कळतं. दोघांपैकी कोण खरं हे ठरवायचं धाडस माझ्यात नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, त्यामुळे पानं जास्त झालीत, मजकूर तेवढा नाही. माझी तब्येत उत्तम. तुमची भाचेसून म्हणते तशी जरा जास्तच उत्तम.

तुम्ही गेल्या पंधरा दिवसांत तीनदा फोन करून विचारलंत की घराचा नकाशा कुठे अडकलाय, आणि तिन्ही वेळा मी 'आवाज येत नाहीये' म्हणून फोन ठेवला. आवाज येत होता. चांगला खणखणीत येत होता. पण फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्याला 'मुद्द्यावर ये' म्हणता आणि मी मुद्द्यावर आलो असतो तर तुम्ही थेट माझ्या अंगावर आला असतात. पत्राचं एक बरं असतं, मधे बोलता येत नाही. तरी कृपा करून बसून वाचा, आणि शेजारी कात्री असली तर ती मामींकडे द्या.

नकाशा अडकलाय तो एका झाडात. बावीस नंबरचा प्लॉट मीच तुमच्या गळ्यात मारला. 'मामा, डोळे झाकून घ्या' असं मी म्हणालो होतो (तेव्हा ऑपरेशन व्हायचं होतं, हे वाक्य किती लागेल याची कल्पना नव्हती). तुम्हाला त्या घरात फारसं काही नको होतं. पुढची एक खोली, तिला उत्तरेकडून मोठी खिडकी, आणि खिडकीला लागून तुमचं साडेसहा फुटी कटिंगचं टेबल. चाळीस वर्षं दुकानात ट्यूबलाइटखाली काळ्या कापडावर काळा दोरा शोधलात, आता चार कपडे तरी देवाच्या उजेडात शिवायचे, एवढीच इच्छा. त्या खोलीच्या जवळजवळ मधोमध ते वाकडं शिरीषाचं झाड उभं आहे. प्लॉट बघायला आलो तेव्हाही होतंच, पण आधीच्या भाडेकरूनं मागे ठेवलेल्या मोडक्या खुर्चीकडे बघावं तसं आपण त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, जाईल. आता ते जात नाहीये, आणि ते जाणार नाही असं सरकारी कागदावर ज्यानं लिहून दिलं तो इसम मीच.

झालं असं की आमच्या ऑफिसच्या या वसाहतीच्या लेआउटचा अर्ज परवानगी खात्यात पोचला आणि त्याच महिन्यात नवा नियम आला. नवीन वसाहत उभारायची तर जागेवरचं प्रत्येक झाड मोजायचं. जमिनीपासून एकशे तीस सेंटिमीटरवर ज्याचा घेर नव्वद सेंटिमीटर किंवा जास्त, ते राखायचं, त्याच्या चारी बाजूंना अडीच मीटरपर्यंत पाया खणायचा नाही. त्याखालचं तोडता येईल, पण मग प्रत्येक प्लॉटमागे दोन रोपं लावून ती जगवायची. शिवाय रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा, त्यात काय लावायचं त्याची यादी, यादीत नसलेलं लावलं तर उपटायचं. (नियमात उंची आकड्यात दिली आहे म्हणून वाचलो. नुसतं 'छातीच्या उंचीवर' लिहिलं असतं आणि माझ्यासारख्या बुटक्याच्या छातीवर मोजलं असतं, तर गवतसुद्धा राखावं लागलं असतं.) मालकांनी नियम वाचला, ऑफिसभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. म्हणाले, "तू तर शिंप्याच्या घरात वाढलास. माप घेणं तुझ्या रक्तात आहे." वीस वर्षं त्या ऑफिसात मी नकाशे काढतोय, माझ्या रक्ताची कुणी चौकशी केली नव्हती. फुगलो. फुगलेल्या माणसाला काम लवकर चिकटतं.

मग मी टेप, वही, पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन रानात गेलो. रान म्हणजे काय, नकाशावर ज्याला आम्ही 'मोकळी जागा' लिहितो तेच. तिथं मोकळं असं काहीच नव्हतं. पहिल्या दिवशी एक झाड मी पूर्वेकडून सतरा नंबर आणि पश्चिमेकडून तेवीस नंबर म्हणून मोजलं, आणि दोन्ही मापांत चार सेंटिमीटरचा फरक आला तेव्हा झाड दिवसभरात बारीक झालं असं मनाशी समजावलं. जातीचा रकाना होता. मला दोनच जाती माहीत, फळ देणारी आणि न देणारी. दुसऱ्या दिवशी बावन्न नंबर रंगवून दमलो आणि त्यालाच टेकून बसलो. तसाच ऑफिसात गेलो. दुपारपर्यंत शेजारच्या टेबलावरचे लोक माझ्याकडे बघून गप्प का होतात ते कळेना. शेवटी एस्टिमेट करणारे वयस्क गृहस्थ उठले, त्यांनी शांतपणे माझ्या पोटाभोवती टेप गुंडाळला आणि वहीत नोंद केली, 'नंबर बावन्न, घेर एकशे तीन, राखावे.' तेव्हा मला कळलं की पाठीवर उलटा बावन्न घेऊन मी तीन टेबलं आणि एक बँक फिरून आलोय. तो शर्ट तुम्हीच शिवलेला होता, निळ्या चौकड्यांचा. रंग गेला नाही. मामा, माफ करा, आता तो फक्त रानात घालतो.

बारा दिवसांत दोनशे चौदा झाडं मोजली. त्यांतली एकसष्ट नव्वदच्या वर भरली. यादी परवानगी खात्यात गेली, शिक्का बसून परत आली आणि माझ्या हातूनच माझ्या नकाशाचं वाटोळं झालं. सरळ रस्ता होता तो तीन ठिकाणी वळवला. एक प्लॉट त्रिकोणी झाला, तो कुणी घेईना. आणि सात प्लॉट असे निघाले की झाड नेमकं घराच्या जागेवर. त्यांत बावीस नंबर. माझ्याच हातानं तुमच्या पुढच्या खोलीत अडीच मीटरचं वर्तुळ काढलं तेव्हा कंपासचं टोक कागदातून आरपार गेलं.

त्या वर्तुळाला वळसा घालून मी तुमचं घर अकरा वेळा काढलं. पहिल्या नकाशात स्वयंपाकघर पुढे आणि देवघर जिन्याखाली गेलं. चौथ्यात झोपायच्या खोलीत जायला घराबाहेर पडून छत्री घेऊन पुन्हा आत यावं लागत होतं. सातव्यात सगळं नीट बसलं, फक्त घराला दार राहिलं नाही. नववा मला स्वतःला आवडला होता, पण तुमची भाचेसून म्हणाली, हा उलटा टांगलेला पायजमा आहे, आणि मग मलाही दुसरं काही दिसेना. अकराव्यात तुमची खिडकी उत्तरेला आली, पण तिच्यापुढे टेबलाऐवजी इस्त्रीची फळी मावत होती. तुमचे फोन नेमके या काळात आले. आवाज कसा येणार?

इकडे तुम्ही सोडून बाकीच्या सहा प्लॉटवाल्यांनी ऑफिसात सभा घेतली. नऊ नंबरच्या निवृत्त हेडमास्तरांच्या गॅरेजात झाड होतं. ते म्हणाले, "हे एवढंसं झाड नव्वद? माझी मांडी याहून जाड आहे." कुणी मोजायला गेलं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, मापात घोळ आहे. आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. शिव्या दिल्या तर ऐकून घेतो, जेवणाला नावं ठेवली तरी खाली मान घालतो, पण माप चुकलं म्हणाल तर सहन होत नाही. मी टेबलावर हात आपटून सांगितलं की मी सात वर्षं मामांच्या दुकानात टेप धरलाय, आमच्या घराण्यात माप चुकत नाही, शंका असेल तर खात्यातून माणूस बोलवा. (एवढ्या थाटात मी लग्नातसुद्धा बोललो नव्हतो.) हेडमास्तर म्हणाले, बोलवतोच. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिले असतील तुम्ही, मी तो धोंडा स्वतः अर्ज करून मागवला.

खात्यातून वृक्ष अधिकारी आल्या. ऑफिसात त्यांना सगळे झाडवाल्या बाई म्हणतात, तोंडावर मॅडम. स्कूटरवरून आल्या, हेल्मेट काढलं नाही, चहा घेतला नाही. म्हणाल्या, दहा झाडं पुन्हा मोजू, टेप तुम्हीच धरा. मागे मालक, हेडमास्तर आणि बाकीचे पाच प्लॉटवाले. मी अडतीस नंबरला टेप गुंडाळला, ऐटीत वाचून दाखवलं, एक्क्याण्णव. बाई वाकल्या आणि टेपकडे नाही, माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही बोटं कशाला आत?"

मामा, मी खाली बघितलं. टेप आणि खोड यांच्यामध्ये माझ्या डाव्या हाताची दोन बोटं होती. तर्जनी आणि मधलं. अगदी नीट, आडवी, जशी तुम्ही शिकवलीत तशी. तुम्हीच ना सांगायचात, गिऱ्हाईक आपल्यासमोर पोट आत घेऊन उभं राहतं आणि घरी जाऊन सोडतं, ती दोन बोटं त्या सोडलेल्या पोटाची. बोटं न घालता माप घेतलं म्हणून तुम्ही माझ्या मनगटावर लाकडी पट्टी मारली होती, मी तेव्हा चौथीत होतो. त्या दिवसापासून या हातांनी कुठल्याही गोल वस्तूचं माप बोटांशिवाय घेतलेलं नाही. दोनशे चौदा झाडांना मी श्वास घ्यायला जागा ठेवली होती. बाईंनी सांगितलं, बोटं काढा. काढली. अडतीस नंबर सत्त्याऐंशी भरलं.

कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. हेडमास्तरांनी फक्त चष्मा पुसला. बाईंनी विचारलं की हे कुठे शिकलात, आणि मी, ज्यानं चार दिवसांपूर्वी भर सभेत तुमचं नाव घेऊन टेबल बडवलं होतं, तो म्हणालो, असंच, सवय आहे. तुमचं नाव घेतलं नाही. एवढी एक गोष्ट त्या दिवशी माझ्या हातून बरी झाली. मालक मात्र खूश होते. त्यांनी मला जवळ घेऊन पाठ थोपटली, आता ऑफिसात मला 'दोन बोटं' म्हणतात, आणि चहावाला चहा विचारतानासुद्धा तशीच बोटं दाखवतो.

बाईंकडे सहा वसाहती आणि एक स्कूटर. त्यामुळे असं ठरलं की नव्वद ते चौऱ्याण्णवमधली सगळी झाडं मीच, बोटं बाहेर ठेवून, पुन्हा मोजायची आणि सही करून येत्या गुरुवारी यादी द्यायची. त्या त्यातली चार-पाच स्वतः तपासतील. अशी झाडं पंधरा निघाली. चौदा मी एका दिवसात मोजली, चौदाही नव्वदच्या आत आली. हेडमास्तरांचं गॅरेज मोकळं झालं, रस्त्याचं एक वळण सरळ झालं. पंधरावं तुमच्या प्लॉटातलं. ते शेवटी मोजलं. मामा, सांगायला वाईट वाटतं, पण ते बोटं काढूनही एक्क्याण्णव भरलं. नियमापुढे माझं काय चालणार? सोबत बारावा नकाशा पाठवतोय. यात तुमची पुढची खोली आहे, उत्तरेची खिडकीही आहे, मोठी आहे. खोली तेवढी थोडी लहान झाली आहे. झाड खिडकीच्या डावीकडे, घराबाहेर राहतं. नशिबात असेल ते गोड मानून घ्यावं, ही विनंती.

मामींना नमस्कार. डोळ्याला जपा, आणि मोठ्या मनानं घ्या. माझ्याकडून तेवढं मोठं काही देता येत नाही.

तुमचा, मापात न बसलेला,
भाचा

ता. क. बाराव्या नकाशात खिडकीखालची भिंत सहा फूट आहे. तुमचं टेबल साडेसहा फूट. टेबल अर्धा फूट कापावं लागेल. हे पत्रात लिहायचं राहून गेलं. (राहून गेलं नाही. चार वेळा लिहून खोडलं.)

आणखी एक ता. क. मामा, वर मी खोटं लिहिलंय. बावीस नंबरचं झाड एक्क्याण्णव नाही. बोटं घालून एक्क्याण्णव होतं. बोटं काढून अठ्ठ्याऐंशी भरलं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा अठ्ठ्याऐंशी. यादीत त्याच्यापुढचा रकाना मी अजून कोरा ठेवलाय. तुम्ही म्हणालात तर अठ्ठ्याऐंशी लिहितो, झाड पडेल, आणि तुमची खोली झाडं मोजायच्या आधीच्या मूळ नकाशात होती तशी, टेबलासकट, होईल. खोटा आकडा मी खात्याला देणार नाही, तो फक्त तुम्हाला दिला, आणि तोही मला दुसऱ्या ता. क. पलीकडे पेलवला नाही.

पण मला ते झाड पाडायचं नाही. का, ते नीट सांगता येत नाही. नकाशावर झाड म्हणजे एक बारकं वर्तुळ असतं. वीस वर्षांत असली किती वर्तुळं मी खोडरबरानं पुसून फुंकर मारली याची मोजदाद नाही, आणि त्यातलं एकही मी जागेवर जाऊन पाहिलं नव्हतं. या वेळी पहिल्यांदा दोनशे चौदा झाडांना हात लावला. त्यातलं हे एक मशीनवर वाकून बसलेल्या माणसासारखं वाकलंय. कोणत्या माणसासारखं ते लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. बारा दिवस मी डबा त्याच्याच सावलीत खाल्ला. माझ्या चुकीनं ते वाचलं होतं, आणि आता चूक सुधारून मी ते पाडायचं, हे मला जड जातंय. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, घेर कमी असला तरी प्लॉटधारकानं स्वतःच्या राजीखुशीनं झाड राखतो असं लिहून दिलं तर ते राखता येतं. तसा फॉर्म असतो. आजवर कुणी भरलेला त्यांनी पाहिला नाही. तो सोबत जोडलाय. तुम्हीच लहान पोरांच्या शर्टाला आत दोन बोटं कापड दुमडून ठेवायचात, पोर वाढेल म्हणून. हेही दोनच सेंटिमीटर कमी आहे. तुमच्या घराला रंग लागेपर्यंत भरेल. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. खोली तुमची आहे आणि चाळीस वर्षं अंधारात तुम्ही बसलात, मी नाही. गुरुवारच्या आत काय ते कळवा.

शेवटचा ता. क. प्लॉट तुमच्या दोघांच्या नावावर आहे, म्हणून फॉर्मवर दोन सह्या लागतात. मामींची झाली आहे. मंगळवारी त्या बहिणीकडे जाते सांगून गेल्या ना, त्या इथं आल्या होत्या. (फोन मीच केला होता, भिंतीच्या मापासकट सगळं सांगितलं, त्यांना आवाज आला.) अर्धा तास झाडाखाली बसल्या, मग माझ्याकडून पेन मागून सही केली. जाताना म्हणाल्या, "त्यांना आत्ताच सांगू नकोस, टेबलाला कुठून कापायचं ते मी खडूनं आखून वर चादर घातलीय." चार दिवस झाले. तुम्ही अजून टेबलावरची चादर उचललेली दिसत नाही.